दसऱ्यानंतरचे खड्डे

मेळघाटात सावली महाग असते, असं खाली सपाटीवर कुणाला सांगितलं तर लोक हसतात. व्याघ्र प्रकल्प आहे, मैलोगणती जंगल आहे, आणि सावली नाही? त्यांनी एप्रिलमध्ये परतवाड्याहून सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीला यावं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साग उभा असतो आणि एकाच्या अंगावर धड पान नसतं. कोरकूत सागाला सिपना म्हणतात, इथल्या नदीचं नावही तेच. हा सिपना थंडी सरता सरता पानं टाकून मोकळा होतो तो पावसाच्या तोंडावरच पुन्हा अंग झाकतो. धावडा, सालई, मोवई, सगळ्यांची तीच गत. पायाखाली पाचोळा पापडासारखा वाजतो आणि ऊन कुणाला न विचारता थेट जमिनीपर्यंत येतं.

मी मूळचा दर्यापूर तालुक्यातला, म्हणजे खारपाणपट्ट्यातला. आमच्याकडे विहिरीचं पाणी खारं, जमीन काळी आणि धुऱ्यावर बाभळीशिवाय फार काही नाही. त्यामुळे धारणीजवळच्या आश्रमशाळेत विज्ञान शिक्षक म्हणून नेमणूक झाली तेव्हा घरचे म्हणाले, चला, निदान झाडात तरी राहशील. आलो तर शाळेच्या आवारात तीन झाडं. एक निंब, एक बोर आणि एक निलगिरी. निलगिरीची सावली म्हणजे असून नसल्यासारखी. मार्च-एप्रिलमध्ये पोरं सकाळचं जेवण इमारतीच्या सावलीत बसून करायची. ती सावली म्हणजे भिंतीलगतची हातभर पट्टी. ऊन चढेल तशी पट्टी बारीक व्हायची आणि पंगत ताटासकट भिंतीकडे सरकायची. शेवटचा भात खाईपर्यंत सगळ्यांच्या पाठी भिंतीला टेकलेल्या असत.

हरित सेनेचं काम माझ्याकडे आलं ते मी नवीन होतो म्हणून. पहिल्या जुलैत रीतसर कार्यक्रम झाला. पाहुणे आले, नारळ फुटला, शंभर रोपं लागली. वनमहोत्सव १९५० पासून जुलैच्या पहिल्या आठवड्यात होतो. त्यात चूक काढण्यासारखं काही आहे, हे मला तेव्हा सुचलंही नसतं. पावसाळा म्हणजे लागवड. पण त्या पावसाळ्यात धारणीत सलग आठ-आठ दिवस सूर्य दिसला नाही. तापीकाठची ही काळी माती एकदा भिजली की पाणी धरून बसते. खड्डे डबक्यासारखे भरले, रोपांच्या मुळांना हवा मिळेना, पानं पिवळी पडून गळाली. जी वाचली त्यांच्यावर ऑगस्टमध्ये तरोटा चढला, कमरेएवढा. त्यात रोप कुठलं न् तण कुठलं ते कळेना. पोरांनी मोठ्या उत्साहानं एके शनिवारी तरोटा उपटला आणि त्याबरोबर निम्मी रोपंही. पुढच्या जूनमध्ये मोजली तर सात होती.

दसऱ्यानंतर झाडं लावायची ही माझी काही थोर कल्पना नव्हती. दुसऱ्या वर्षी जुलैत नाल्याला पूर होता आणि एका रोपवाटिकेतून यायची गाडी आलीच नाही. ती आली ऑक्टोबरमध्ये, न सांगता. चालकानं दीडशे रोपं फाटकाशी उतरवली, सही घेतली आणि गेला. जुलैत सगळीकडे वाटून उरलेला माल होता तो, हे दिसतच होतं. पण एक गोष्ट बरी होती. जुलैतलं रोप म्हणजे वीतभर, कोवळं, हात लावला तर मोडेल असं. ही मात्र तीन-साडेतीन फूट झालेली, खोड पेन्सिलीहून जाड, साल राठ.

आमच्याकडे एक कामाठी होते. आश्रमशाळेत कामाठी म्हणजे झाडलोटीपासून पाणी भरण्यापर्यंत सगळं करणारा माणूस. हे जवळच्याच गावचे, वयानं माझ्या वडिलांएवढे. मी त्यांना बाबा म्हणायचो. ते रोपांभोवती एक चक्कर मारून आले.

"सर, पानी तं गेला. आता काऊन लावता?"

"मग काय करू बाबा? फेकून देऊ?"

त्यांनी एक रोप उचललं, पिशवी टरकावली आणि मातीचा गड्डा माझ्यासमोर धरला. मुळं पिशवीच्या बुडाशी जाऊन वळली होती आणि आतल्या आत गोल गोल फिरून दोरीच्या चुंबळीसारखी झाली होती. पिशवी काढून टाकली तरी मुळांचा आकार पिशवीचाच राहिला. बाबांनी खिशातून ब्लेड काढलं, खालची चुंबळ सपकन कापून टाकली, बाजूनं दोन उभे छेद दिले. मी ओरडलोच. ते म्हणाले, "असंच ठेवला तं हा गोलच फिरन. बाहेर जाणार नाही."

मी विज्ञानाचा शिक्षक, मला ऐकवेना. निम्मी रोपं त्यांच्या पद्धतीनं लावली, निम्मी माझ्या. माझ्यातली काही दोन वर्षं बरी दिसली आणि मग मे महिन्यातल्या एका वावधानात आडवी झाली. उपटलेली मुळं पाहिली तर तीच चुंबळ, फक्त जाड झालेली. झाड सहा फूट आणि पाय पिशवीएवढा.

खड्ड्यांचंही तसंच. दीड फूट लांब, दीड रुंद, दीड खोल, हे पुस्तकात आहे. ओल्या काळ्या मातीत सब्बल चालवली की खड्ड्याच्या भिंती कुंभारानं हात फिरवल्यासारख्या गुळगुळीत होतात, हे पुस्तकात नाही. वाळल्यावर तो खड्डा म्हणजे एक मडकंच. मूळ त्या भिंतीपर्यंत जातं आणि परत फिरतं. म्हणून आम्ही खड्डे नवरात्रात खणायचो, आठ दिवस उन्हात उघडे ठेवायचो आणि मग विळ्याच्या टोकानं आतून ओरखडे काढायचो. हे काम पोरांना फार आवडायचं. खड्ड्यात उतरून भिंत खरवडायची, वर कुणी रागवायला नाही.

हस्ताचा पाऊस पडून गेलेला असतो. चित्रा-स्वातीचा एखादा शिंतोडा आला तर आला. वरची माती ऑक्टोबरच्या चटक्यानं कोरडी होते, पण वीतभर खाली हात घातला तर ओल आणि ऊब दोन्ही लागतात. रोप अशा वेळी वर काही करत नाही. नवं पान नाही, उंची नाही. माणसाला वाटतं, रुसलं. पण ते खाली ओलीच्या मागे मूळ सोडत असतं, कडाक्याची थंडी येईपर्यंत. तण वाळलेलं असतं, त्यामुळे वाटेकरी नसतो. अडचण एकच, पुढचे आठ महिने आकाशातून थेंब येणार नाही. हे ज्याला झेपत नाही त्यानं दसऱ्यानंतर झाड लावू नये. जुलैत निदान आषाढ-श्रावण तरी पाणी घालतो.

आम्हाला झेपलं ते वसतिगृहामुळे. अडीचशे पोरं रोज आंघोळ करायची आणि ते पाणी मागच्या नालीतून वाया जायचं. नाली फोडून चर काढला तो पश्चिमेच्या कुंपणाकडे. पश्चिमेकडेच का, तर वर्ग टिनाचे आणि दुपारी तीनला ऊन तिकडून मारतं; झाडाची सावली तेव्हा पूर्वेला, वर्गांवर पडणार. पहिल्या वर्षी आम्ही सगळी रोपं फाटकापासून ओळीनं, शोभा दिसेल अशी लावली होती. सावली पडली असती तरी रस्त्यावरच पडली असती.

चर जिथं पोचत नव्हता तिथं मडकी पुरली. ऑक्टोबरात मडक्याला कुणी विचारत नाही. आठवडी बाजारात पाझरणारी, काठ उडालेली मडकी कुंभार मातीमोल देतो. बुडाला खिळ्यानं भोक पाडायचं, त्यातून जुन्या सुती कापडाची वात ओवायची, रोपापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचं आणि वर खापरी झाकायची. एकदा भरलं की चार-पाच दिवस पाहायला नको. दिवाळीच्या सुट्टीत शाळा रिकामी असते तेव्हा या मडक्यांनीच रोपं तगवली. वानरांनी मात्र छळलं. दोनच दिवसांत त्यांना खापरीखाली पाणी असतं हे कळलं आणि ती एकेक खापरी उचलून, हात घालून पाणी पिऊ लागली. मग खापरीवर दगड. मग वानरं दगड बाजूला सारायला शिकली. शेवटी बाबांनी काटेरी फांद्या टाकल्या. सोयाबीनचं कुटार आच्छादनाला घातलं तर उधळी लागली; मग ते बुंध्यापासून वीतभर दूर आणि मधे चुलीची राख.

डिसेंबरात रोपांची पानं गळाली. एका सकाळी पाचवीतली एक मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, माझं मेलं." तिच्यामागे आणखी सात-आठ जण, सगळ्यांची मेलेली. मलाही तसंच वाटलं. खराट्याच्या काड्या रोवल्यासारखं दिसत होतं. बाबा आले, त्यांनी अंगठ्याच्या नखानं एका काडीची साल जराशी खरवडली. आत हिरवं. ओलं, चकचकीत हिरवं. त्या दिवशी अख्ख्या शाळेनं आपापलं झाड खरवडलं आणि दुसऱ्या दिवशीही, आणि तिसऱ्या. शेवटी मला परिपाठात सांगावं लागलं की रोज खरवडलं तर जिवंत असलेलंही मरेल.

आता ज्या फजितीवर धारणीत माझं नाव झालं ती सांगतो. त्या दीडशेत बारा रोपं कुसुमाची होती. पुस्तकात त्याला कोशिंब म्हणतात, लाखेच्या किड्याला हे झाड फार मानवतं. मला ते ओळखू येत नव्हतं. दर्यापुरात कुठला कुसुम? फेब्रुवारीच्या शेवटी त्याला पालवी फुटली ती लाल. तांबूस वगैरे नाही, कुंकवासारखी लालभडक, लोंबती, मऊ. मी धारणीला जाऊन औषधाची बाटली आणली, पंपात पाणी भरलं आणि नाकाला रुमाल बांधून फवारायला निघालो. स्वयंपाकीण मावशी भांडी घासत होत्या. "काय झालं सर?" म्हटलं, रोग आला कुसुमावर, पानं लाल पडली. मावशी इतक्या हसल्या की हातातलं पातेलं सुटलं. बाबांना हाक मारून त्यांनी कोरकूत काही सांगितलं, मग तेही हसले. महिनाभरात ती लाल पानं आपोआप हिरवी झाली, आणि एप्रिलमध्ये सगळं रान उघडं पडलेलं असताना ही बारा काटकुळी रोपं अंगभर पानं घेऊन उभी होती.

तिथून माझं लक्ष या गोष्टीकडे गेलं. शोभेची झाडं म्हणून आपण जी नावं घेतो त्यातली बहुतेक रंगात येतात तेव्हा उघडी असतात. पळस पेटतो, पण पान नसतं. काटेसावर, पांगारा, तेच. बहावा मे महिन्यात सोन्याच्या झुंबरांनी लगडतो आणि खाली उभं राहिलं तर डोकं तापतं. रंग हवा तर सावली सोडा, असा निसर्गाचा जणू करारच. गुलमोहर दोन्ही देतो, पण तो मादागास्करहून आलेला पाहुणा. लाकूड ठिसूळ, मुळं उथळ, आणि पोरांच्या डोक्यावर फांदी पडायची मला भीती. कुसुम मात्र मार्चमध्ये रंग देतो आणि त्याच रंगाची सावली करून एप्रिलमध्ये हाती ठेवतो. पिंपळाची तांबूस पालवी, करंजाची पोपटी, निंबाची कोवळी, यांचाही हिशेब तसाच. फुलांच्या नादात पालवी हाही रंग असतो हे मी विसरलोच होतो. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' मी त्याच उन्हाळ्यात पुन्हा काढून वाचलं, डी.एड.ला असताना परीक्षेपुरतं वाचलं होतं ते.

माझा एक भाचा अमेरिकेत असतो. दर ऑक्टोबरात तो मॅपलचे फोटो पाठवतो, लाल, केशरी, पेटलेले. तिकडे झाडं लावायचा हंगामही तोच, शरद. मामा, तुमच्याकडे असं काही नाही ना, असा त्याचा सूर. एका वर्षी मी त्याला मार्चमध्ये कुसुमाचा फोटो पाठवला, खाली काही न लिहिता. त्याचं उत्तर आलं, आत्ता फॉल कसा काय? मग फोनवर वर्ग घेतला त्याचा. मॅपलचं पान जाता जाता ज्या रंगद्रव्यानं लाल होतं त्याच अँथोसायनिननं कुसुमाचं पान येता येता लाल असतं. तिथं हिरवा रंग आवरून घेताना, इथं तो भरायच्या आधी, कोवळ्या पानाला उन्हाचा चटका बसू नये म्हणून. शिवाय उतरत्या पानाचा रंग आमच्याकडेही आहे. हिवाळ्यात धावडा तांबूस होतो, पण त्यासाठी गाडी थांबवून कुणी फोटो काढत नाही.

कांचनाची गोष्ट मात्र दुःखाची. शरदातच फुलणारं झाड हवं म्हणून गुलाबी कांचन लावले होते, चार. तिसऱ्या वर्षी ऐन अश्विनात पहिली फुलं आली. दसऱ्याला सकाळी पाहतो तर चारही झाडं सोललेली. कांचनाचं पान आपट्यासारखंच जोडपानी; कुणीतरी सोनं म्हणून ओरबाडून नेलं होतं. संध्याकाळी तेच सोनं माझ्या हातावर आलं, पाया पडून. काय बोलणार?

या सगळ्यात सर्वांत अवघड गोष्ट पाण्याची नव्हती, माणसांची होती. हजेरीपट उघडला की जामूनकर, भिलावेकर, बेलसरे. अर्धं जंगल हजर असायचं. पण दिवाळीनंतर सोयाबीन निघालं की गावंच्या गावं कामाला बाहेर पडतात आणि कैक पोरं आईबापाबरोबर जातात. प्रत्येक पोराला एक झाड दत्तक दिलं होतं. नोव्हेंबरात हजेरी तुटली की तिकडे मडकं कोरडं. पाचवीतली ती "माझं मेलं" म्हणणारी मुलगी पुढच्या वर्षी अशीच गेली. तेव्हापासून आम्ही एका झाडाला दोन पोरं लावली, एक जाणाऱ्या घरातलं आणि एक राहणाऱ्या. होळीला सगळे परत येतात. कोरकूंचा तो सर्वांत मोठा सण, रस्त्यावर गाड्या अडवून फगवा मागतात. ती मुलगीही आली. शाळेत शिरल्या शिरल्या पिशवी खांद्यावरच ठेवून कुंपणाकडे गेली. तिच्या कुसुमाला बोटभर लाल पालवी होती. तिनं पाहिलं, मग जोडीदाराला विचारलं, "मडक्याचा काठ कोणं फोडला?"

पुढे सरकारी मोहिमा मोठ्या झाल्या. १ जुलै २०१६ रोजी राज्यभर एका दिवसात दोन कोटी, मग चार, तेरा, आणि २०१९ च्या पावसाळ्यात तेहतीस कोटी. आम्हीही आमचा वाटा जुलैत लावला, फोटो पाठवले. मी त्याची टिंगल करणार नाही. पाणी न साठणाऱ्या मुरमाड उतारावर जुलैच बरोबर आहे आणि त्यातली काही रोपं मी स्वतः मोठी झालेली पाहिली आहेत. पण आकडा लावल्याचा असतो. परतवाड्याच्या बाजूला पायविहीर आहे. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर गावानं उजाड रान राखलं, २०१४ मध्ये जैवविविधतेचा पुरस्कार मिळवला आणि तिथली सीताफळं मुंबईच्या बाजारात गेली. पोरांना घेऊन मी तिथं गेलो होतो. पोरांनी सीताफळं खाल्ली, बिया खिशात घातल्या. बाबांनी मात्र चरायला बंदी कुठून कुठपर्यंत आहे, रात्री कोण फिरतं, याचीच चौकशी केली.

माझी बदली झाली त्या वर्षी कुसुमांपैकी नऊ उभे होते. फार सावकाश वाढतं हे झाड. त्याच्या आधी करंज आणि निंबांनीच वर्गांवर सावली धरली. पण मागच्या मार्चमध्ये गेलो होतो तेव्हा पंगत कुसुमाखाली होती. खाली गळलेली जुनी पानं, वर लाल छत, पोरांच्या भातावर तांबूस उजेड. भिंतीपाशी कुणी नव्हतं.

बाबा निवृत्त झालेत, पण राहतात शाळेजवळच. मागल्या ऑक्टोबरात त्यांचा फोन आला.

"सर, हत्ती बरसून गेला. नवे सर म्हन्तेत, खड्डे खनू. मडके कित्ते आनू?"

म्हटलं, "साठ सांगा बाबा, चाळीस मिळतील."

"चाळीसच सांगतो," ते म्हणाले, "वीस माझ्या घरी हायेत. मी उन्हाळ्यातच घेऊन ठेवले, फुटके."